शमादाने आणि बंद दारे

आमच्या धर्मग्रामातील युवक-युवतींनी गेल्या वार्षिक संमेलनात ‘बिशपची शमादाने’ ही एकांकिका सादर केली. नॉर्मन मॅकिनेल या स्कॉटिश नाटककाराची ही जुनी कृती आमच्या पिढीने शाळेच्या पाठ्यपुस्तकात वाचलेली आहे, आणि मराठी रूपांतरातून ती गावोगावी रंगली आहे. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. थंडीच्या रात्री एक कैदी बिशपांच्या घरात शिरतो, पोटभर जेवतो, चांदीची शमादाने चोरून पळतो. शिपाई त्याला पकडून आणतात. बिशप सांगतात की ती शमादाने आपणच त्याला दिली आहेत. कैद्याचे हृदय पालटते, बिशपांचा आशीर्वाद घेऊन तो पॅरिसच्या वाटेला लागतो आणि पडदा पडतो. त्या दिवशीही पडदा पडला तेव्हा सभागृहातील पुष्कळांचे डोळे पाणावलेले होते. आमचेही पाणावले होते, हे कबूल करावयास हवे.

शेवटच्या रांगेत आमच्याच धर्मग्रामातील एक गृहस्थ बसले होते. काही वर्षांची शिक्षा पूर्ण भोगून ते अलीकडेच घरी आले होते. प्रयोगानंतर चहाच्या टेबलापाशी ते एकटेच उभे होते. नाटक कसे वाटले, असे आम्ही विचारले. बहुधा त्यांना बरे वाटावे या हेतूनेच विचारले. ते म्हणाले, “चांगलं झालं, फादर. पण तो तर रात्रीच निघून गेला. मला इथंच राहायचंय.”

त्या वाक्याने आम्हांला मूळ कादंबरीकडे परत पाठविले. या लेखात आम्ही जे मांडणार आहोत ते त्या पुनर्वाचनाचे फलित आहे.

व्हिक्टर ह्यूगो यांची ‘ले मिझराब्ल’ १८६२ साली प्रसिद्ध झाली. साने गुरुजींनी ती ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली, त्यामुळे आपल्या वाचकाला ती परकी नाही. ख्रिस्तसभेचा आणि या ग्रंथाचा संबंध मात्र सरळ नव्हता. १८६४ साली त्याची गणना निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत झाली आणि जवळजवळ शंभर वर्षे तो तिथेच राहिला. आज त्यातील एक प्रसंग आपण प्रवचनांत मोकळेपणाने सांगतो. आमचे म्हणणे एवढेच की सूचीतून ग्रंथ बाहेर काढला तरी आपण तो वाचलेला नाही. आपण त्यातील एक रात्र तेवढी उचलली आहे.

मॅकिनेल यांच्या एकांकिकेत कैदी तुरुंगातून पळून आलेला आहे. ह्यूगोचा जां वालजां पळालेला नाही. त्याने शिक्षा भोगली आहे. बहिणीच्या सात मुलांसाठी पाव चोरला म्हणून पाच वर्षे आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांपायी वाढत गेलेली आणखी चौदा, अशी एकोणीस वर्षे भरून १८१५ च्या ऑक्टोबरात तो कायदेशीरपणे सुटला आहे. हा फरक किरकोळ नव्हे. पळालेल्या कैद्यासमोर प्रश्न लपण्याचा असतो, आणि एका रात्रीचा आसरा व पुढची वाट दाखविणारा एक सज्जन एवढ्यावर तो सुटू शकतो. सुटलेल्या कैद्यासमोर प्रश्न राहण्याचा असतो. एकांकिकेने ह्यूगोचा दुसरा प्रश्न काढून टाकला आणि त्या जागी पहिला बसविला. रंगभूमीच्या दृष्टीने ती सोय असेल. अर्थाच्या दृष्टीने मात्र ती मोठी हानी आहे, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकट्या बिशपांना देता येत नाही. ते गावाला द्यावे लागते.

म्हणूनच ह्यूगो बिशपांच्या दारापूर्वी आपल्याला इतर दारे दाखवितो. वालजां दीन्य या गावी पायी पोहोचतो. नियमाप्रमाणे आधी नगरपालिकेत जाऊन आपला पिवळा परवाना दाखवितो. हा पिवळा कागद म्हणजे सुटलेल्या कैद्याची ओळखचिठ्ठी. मग तो गावातील उत्तम खानावळीत जातो. खिशात पैसे आहेत, तो ते आगाऊ द्यायला तयार आहे. मालक गुपचूप एका मुलाला नगरपालिकेत पाठवून चौकशी करतो आणि जेवण, खोली, शेवटी तबेल्यातील गवतही नाकारतो. दुसऱ्या गुत्त्यात चुलीजवळ जागा मिळते, तोच कोणीतरी मालकाच्या कानाला लागतो. तो तुरुंगाचे दार ठोठावतो, तर आत यायचे असेल तर आधी अटक करवून घे, असे उत्तर मिळते. एका घराच्या खिडकीतून दिवा, टेबल, हसरे मूल दिसते, आणि त्या घरचा बाप बंदूक उचलतो. कुत्र्याच्या खोपट्यात शिरू पाहतो, तर कुत्रा धावून येतो. शेवटी चर्चसमोरच्या दगडी बाकावर तो आडवा होतो.

या साऱ्यात एकही खलपुरुष नाही. खानावळवाल्याला गिऱ्हाइकांची काळजी आहे, बापाला मुलांची. प्रत्येकाचे कारण आपापल्या जागी समजण्यासारखे आहे, आणि सर्वांची कारणे मिळून एक माणूस रस्त्यावर येतो. ह्यूगोच्या कलेचे बळ येथे आहे. त्याने क्रौर्य रंगविलेले नाही, शहाणपण रंगविले आहे. एक तपशील तर आमच्या मनातून जाता जात नाही. सुटकेच्या दुसऱ्याच दिवशी ग्रास येथे वालजांने दिवसभर गठ्ठे उतरविण्याची मजुरी केली. इतरांना तीस सू मिळत होते. शिपायाने त्याचा पिवळा कागद तपासलेला मालकाने पाहिला होता, म्हणून त्याच्या हातावर पंधरा ठेवले. सुटलेल्या माणसाला कामच मिळत नाही, असे नेहमी होत नाही. कित्येकदा काम मिळते, पण निम्म्या दामाने, आणि तक्रार करायला तोंड उरत नाही.

आता बिशपांकडे वळू. आपण शमादानांवर इतके खिळून असतो की त्यांच्या आधी काय घडले ते विसरतो. वालजां दारात येताच आपण कोण आहोत ते ओरडून सांगतो, पिवळा कागद पुढे करतो. मिरिएल बिशप घरच्या बाईला टेबलावर एक ताट वाढवायला आणि बिछान्यावर स्वच्छ चादर घालायला सांगतात. ते त्याला ‘महाशय’ म्हणून हाक मारतात. तो बिछाना त्यांच्या स्वतःच्या शयनगृहाला लागून आहे. घरातील चांदी चोरीला जाते ती यानंतर, आणि शमादाने दिली जातात ती त्याहूनही नंतर. ताट, चादर आणि सन्मानाची हाक हा खरा स्वागताचा संस्कार आहे. चांदी देण्यासाठी घरात चांदी असावी लागते, ताट वाढविण्याला ती सबब चालत नाही.

शिवाय ह्यूगो आपल्याला फसवीत नाही. क्षमेनंतर वालजां लगेच पालटत नाही. गावाबाहेर पडल्यावर तो झेर्व्हे नावाच्या एका लहान मुलाचे नाणे पायाखाली दाबून धरतो आणि मुलाला हाकलून देतो. बिशपांचे शब्द अजून कानात असताना तो पुन्हा चोरी करतो! आमच्या एकांकिकांतून आणि, खरे सांगायचे तर, आमच्या प्रवचनांतूनही हा प्रसंग हटकून गळतो. मग प्रत्यक्षात एखादा सुटून आलेला माणूस पहिल्या महिन्यात घसरला की आपण म्हणतो, “बघा, आम्ही सांगत नव्हतो?” साहित्यातील अर्धे सत्य जीवनात असे महाग पडते.

कादंबरीचा पुढचा भाग परिचित असला तरी त्यातील समाजाचे चित्र फारसे कोणी पाहत नाही. नाव बदलून वालजां एका शहरात कारखाना उभारतो, रुग्णालयाला खाटा देतो, महापौर होतो. पुढे एका निरपराध्याला आपल्याऐवजी शिक्षा होऊ नये म्हणून तो भर न्यायालयात आपले खरे नाव सांगतो. त्याने केलेले सर्व चांगले काम ते शहर दोन-एक तासांत विसरते. उरतो एकच शब्द, कैदी. त्याच्या बाजूने उभ्या राहतात त्या त्याच्या घराची म्हातारी राखणदारीण आणि सिस्टर सँप्लीस. या भगिनी आयुष्यात कधी खोटे बोललेल्या नाहीत, आणि त्या रात्री त्याच्यासाठी इन्स्पेक्टर जावेरशी दोनदा खोटे बोलतात. नीतिशास्त्राचे अध्यापक आम्हांला सेमिनरीत या प्रसंगावर तासभर वाद घालायला लावीत. आज वाटते, वादाचा विषय आम्ही चुकीचा निवडला होता. सिस्टरांनी असत्य का सांगितले हे आम्ही विचारले. साऱ्या शहरात एका म्हातारीखेरीज त्यांना सोबत का नव्हती, हे विचारले नाही.

तरीही या ग्रंथातील सर्वांत कठोर प्रकरण शेवटाकडे आहे. वालजांने लेकीसारखी वाढविलेली कोझेत हिचा विवाह मारियुसशी होतो. दुसऱ्याच दिवशी वालजां जावयाला आपला भूतकाळ स्वतःहून सांगतो. मारियुस सुशिक्षित आहे, सज्जन आहे, पत्नीवर त्याचे प्रेम आहे. तो शिवी देत नाही की दार लावून घेत नाही. म्हाताऱ्याने रोज संध्याकाळी तळमजल्यावरच्या ओलसर खोलीत येऊन कोझेतला भेटावे, असे ठरते. मग एक दिवस त्या खोलीत शेगडी पेटविलेली नसते. पुढे एक दिवस दोन्ही खुर्च्या दारालगत मांडलेल्या दिसतात. आणखी एके दिवशी खुर्च्याच नसतात. वालजां काय ते समजतो, आणि येणे बंद करतो.

एकही कठोर शब्द न बोलता माणूस घराबाहेर काढता येतो. दीन्यच्या खानावळवाल्यापेक्षा हा मारियुस आम्हांला आमच्या अधिक जवळचा वाटतो. आमच्या धर्मग्रामात त्या गृहस्थांना कोणी कधी अपशब्द बोलले नाही. पूर्वी ते गायनवृंदात होते. परतल्यावर त्यांना कोणी येऊ नका असे म्हटले नाही, फक्त सरावाची वेळ कोणी कळविली नाही. सणाच्या वर्गणीची पावती त्यांच्या घरी नेहमीप्रमाणे गेली, समितीच्या बैठकीचे बोलावणे गेले नाही. त्यांच्या मुलीचे स्थळ पाहायला यायची मंडळी ‘पुढे पाहू’ म्हणाली. शेगडी विझली होती, खुर्च्या दाराकडे सरकल्या होत्या. आणि आम्ही, ज्यांच्याकडे चर्चच्या किल्ल्या आहेत ते, हे सारे पाहत होतो.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वालजांने पाव चोरला होता. भुकेल्या मुलांसाठी पाव चोरणाऱ्यावर दया करणे कठीण नाही. ज्याने रक्त सांडले, ज्याने कोणाचे आयुष्य उद्ध्वस्त केले, त्याचे काय? आणि त्याने ज्यांना दुखावले ते कुटुंबही त्याच चर्चमध्ये, दोन बाक पुढे, बसत असेल तर? हा आक्षेप साहित्यदृष्ट्याही खरा आहे. नायकाचा अपराध इतका लहान ठेवून ह्यूगोने वाचकाची सहानुभूती स्वस्तात मिळविली, असे आमचे मत आहे. आपल्याकडे व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ मध्ये सहा खुनी घेतले, तेव्हा त्यांनी अधिक अवघड वाट धरली होती. ग. दि. माडगूळकरांच्या त्या कथेच्या मागे औंध संस्थानातील स्वतंत्रपूर येथील खुल्या तुरुंगाचा खराखुरा प्रयोग होता. पण चित्रपटाने ह्यूगोचीच एक मर्यादा उचलली. तेथेही सारा भार एका जेलरच्या दोन डोळ्यांवर आहे, आणि अखेर त्याला प्राण द्यावे लागतात. गाव येते ते बाजार म्हणून, भाजीची स्पर्धा म्हणून. शेजारी म्हणून येत नाही. दोन्ही कलाकृतींत संत आहे, समाज नाही. संताच्या मृत्यूनंतर त्याने राखलेल्या माणसांना घर कोण देणार, याचे उत्तर दोहोंकडे नाही.

एक आठवण मात्र येथे नोंदविली पाहिजे. मिरिएल यांचे चित्र दीन्यचे बिशप मियोलीस यांच्यावरून घेतले, हे सर्वमान्य आहे. त्यांनीही एका सुटलेल्या कैद्याला आसरा दिला, आणि नंतर त्याला आपल्या सेनाधिकारी भावाकडे कामासाठी पाठविले, अशी हकीकत सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असेल तर वास्तवातील बिशप कादंबरीतील बिशपांच्या एक पाऊल पुढे होते. त्यांनी आपल्या दाराशी दुसरे दार जोडून दिले.

मोठ्या अपराधाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला कादंबरीत सापडले नाही. ते आपल्याच देशातील ख्रिस्तसभेच्या अलीकडील इतिहासात आहे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांची निर्घृण हत्या झाली. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २००६ साली तो सुटला. त्यानंतर केरळातील त्यांच्या घरी तो गेला, तेव्हा सिस्टरांच्या आईने त्याला आपला मानून घरात घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले. त्या सोहळ्याच्या झगमगाटाहून आम्हांला त्या घराचा उंबरठा मोठा वाटतो. येथे क्षमा करणारी एकटी नव्हती. बहीण होती, आई होती, सारे घर होते. आणि क्षमा तुरुंगाच्या गजांशी संपली नाही, सुटकेनंतरही ती चालू राहिली. अर्थात क्षमा कोणाकडून मागून घेता येत नाही, आणि दुखावलेल्या कुटुंबाला तिचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्यांच्या शोकाला चर्चमध्ये पहिली जागा आहे. पण ज्यांचे काहीही बिघडले नव्हते त्या आम्ही बाकीच्यांनी त्यांच्या दुःखाच्या आड उभे राहून दारे लावून घेणे, हा त्यांचा सन्मान नव्हे.

आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानी घ्यावी. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या २०२२ अखेरच्या आकड्यांनुसार भारतातील तुरुंगांत असलेल्या दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांच्यावरील आरोप अजून सिद्ध व्हायचे होते. त्यांपैकी कित्येक निर्दोष सुटतात. आपल्याकडे पिवळा परवाना नाही, हे खरे. परंतु पोलिसांचा चारित्र्य-दाखला आहे, भाड्याच्या खोलीचा करार आहे, आणि या दोहोंहून जलद पसरणारी गावातील कुजबुज आहे. ती दोषी आणि निर्दोष असा भेद करीत बसत नाही.

नव्या करारातील एक लहानसे पत्र या संदर्भात आम्ही पुन्हा वाचले. संत पौल बंदिवासात असताना त्यांनी फिलेमोनाला लिहिले ते. पळालेला दास अनेसिम याला परत पाठविताना त्याला भाऊ म्हणून स्वीकार, अशी त्यांची विनंती आहे. त्याच्याकडून काही नुकसान झाले असल्यास ते आपण भरून देऊ, असेही ते स्वतःच्या हाताने लिहितात. वर्षानुवर्षे आम्ही हे पत्र एका मित्राने मित्राला लिहिलेले खाजगी पत्र म्हणून शिकविले. पण त्याचा मायना पाहा. तेथे फिलेमोनाबरोबर अफियाचे नाव आहे, अर्खिप्पाचे आहे, आणि त्या घरात जमणाऱ्या साऱ्या मंडळीचे आहे. पौलांनी हे पत्र सर्वांसमोर वाचले जाईल अशा रीतीने लिहिले. अनेसिम परतणार होता तो एका घरात, आणि उत्तर द्यायचे होते ते साऱ्या मंडळीला. ह्यूगोच्या हजार-दीड हजार पानांत जे निसटले ते या पंचवीस ओव्यांच्या पत्रात आहे.

भारतात याच धाग्याने काम करणारी मंडळी आहेत. केरळात १९८१ साली काही गुरुविद्यार्थ्यांनी आरंभिलेली ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ ही चळवळ आज देशभर तुरुंगभेटी आणि पुनर्वसनाचे कार्य करते. आउशवित्झच्या छळछावणीत दुसऱ्याच्या जागी मृत्यू पत्करणारे संत मॅक्सिमिलियन कोल्बे तिचे आश्रयदाते आहेत. पण कोणतीही चळवळ माणसाला धर्मग्रामाच्या वेशीपर्यंतच आणू शकते. पुढचे अंतर शेजाऱ्यांच्या पायांचे असते.

समीक्षा लिहिताना स्वतःला बाहेर ठेवावे असा संकेत आहे. तो येथे आम्हांला मोडावा लागत आहे. त्या गृहस्थांनी एका वर्कशॉपमधील कामासाठी आमच्याकडे शिफारसपत्र मागितले होते. आम्ही दिलेही. ‘यांचे कुटुंब आमच्या धर्मग्रामाचे सदस्य आहे,’ एवढे एक वाक्य, त्याखाली सही आणि शिक्का. खोटे त्यात काही नव्हते. त्यांच्याविषयीही काही नव्हते. काम मिळाले नाही. नाटकाच्या रात्री घरी आल्यावर आम्हांला ते पत्र आठवले. आमच्याच हातचा तो पिवळा कागद होता.

दुसरे पत्र आम्ही त्यानंतर लिहिले. ते किती वर्षे आमच्या ओळखीचे आहेत, काय काम जाणतात, काय घडले आणि त्याची शिक्षा त्यांनी कशी पूर्ण केली, हे त्यांच्या संमतीने स्पष्ट लिहिले, आणि मालकाने काही अडचण आल्यास थेट आमच्याकडे यावे असे खाली जोडले. त्यांना काम मिळाले आहे, सध्या तात्पुरते. गायनवृंदाच्या प्रमुखांशी आमचे बोलणे झाले. त्यांनाही निरोप न दिल्याची रुखरुख होतीच. सर्व सुरळीत झाले असे नाही. एका कुटुंबाने आमच्याकडे येऊन नाराजी बोलून दाखविली. त्यांचे आम्ही ऐकून घेतले, आणि त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहोत.

युवक मंडळाला आमची एक सूचना आहे. पुढील वर्षी ‘बिशपची शमादाने’ अवश्य करा, पण पडदा बिशपांच्या घरात उघडू नका. तो खानावळीत उघडा. वालजांने आगाऊ पैसे पुढे केलेले प्रेक्षकांना दिसू द्या, मालकाने मुलाला चौकशीसाठी पाठविलेले दिसू द्या, एकेक दार लागताना ऐकू द्या. आणि शेवटी कैद्याला पॅरिसला पाठवू नका. त्याला त्याच गावात राहू द्या. पडदा पडल्यावर चहाच्या टेबलापाशी आपण सर्वजण असू. तेथे पुढचे काम आपले आहे.